तेरेझीनच्या मुली आणि चित्रकलेच्या बाई: भीतीत जगणाऱ्या मुलांसोबतच्या आर्ट थेरपीचं एक जुनं प्रकरण

बालगृहात चित्रकलेचं सेशन घ्यायला जी मंडळी येतात ती पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात, की मुलांना त्यांच्या मनातलं म्हणजे आईवडील गेले ते, घर सुटलं ते, रात्री भीती वाटते ती, हे सगळं कागदावर काढायला सांगायचं ना? मी दरवेळी नाही म्हणते, निदान सुरुवातीला तरी नाहीच, आणि का नाही हे समजावताना मला ज्या एका प्रकरणाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो ते आज नीट सविस्तर लिहितेय. प्रकरण १९४२ ते १९४४ मधलं आहे, चेक प्रदेशातल्या तेरेझीन नावाच्या गावातलं. तेव्हा तिथे कुणी याला थेरपी म्हणत नव्हतं, चित्रकलेचा तासच म्हणायचे. पण आज आपण अनाथ आणि घाबरलेल्या मुलांसोबत रंग-कागद घेऊन जे करतो त्याचं बरंचसं मूळ त्या तासांमध्ये सापडतं.

आधी परिस्थिती. तेरेझीन हे प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं, अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं तटबंदीचं लष्करी गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी तिथे ज्यू लोकांना आणून कोंडायला सुरुवात केली. जिथे आधी सैनिक धरून सात हजारांच्या आसपास माणसं राहायची तिथे सप्टेंबर १९४२ मध्ये अठ्ठावन्न हजारांच्या आसपास माणसं होती, म्हणजे गर्दी कसली असेल बघा. एकूण एक लाख चाळीस हजारांच्या आसपास लोक या गावात आणले गेले, त्यातले तेहतीस हजार तिथेच उपासमारीने आणि आजाराने गेले आणि अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास लोकांना पुढे ऑशविट्झच्या मृत्यूछावणीत आणि इतर ठिकाणी पाठवलं गेलं.

मुलांची राहायची सोय बरीचशी वेगळी होती. कैद्यांमधूनच नेमलेल्या स्वशासनाचा एक युवक विभाग होता, एगॉन रेडलिख आणि फ्रेडी हिर्श ही त्यातली मुख्य नावं, आणि त्यांनी हट्टाने मुलांसाठी वेगळी घरं मिळवली, निदान मुलांना तरी जरा बरं वातावरण मिळावं म्हणून. मुलींचं एक घर एल ४१० या इमारतीत होतं. एकेका खोलीत तीसेक मुली, तीन मजली लाकडी बंक, ढेकूण, सतत कुणीतरी आजारी. आईवडील असले तर दुसऱ्या बराकीत. काही मुलं मुळातच अनाथाश्रमातून आलेली होती, काहींचे आईवडील तेरेझीनमध्येच आजाराने गेले, काहींचे पुढच्या गाडीने पाठवले गेले. तेव्हा अगदी काटेकोर बोलायचं तर सगळी मुलं अनाथ नव्हती, पण आईवडिलांवाचून रात्र काढणं आणि उद्या कोण असेल कोण नसेल हे माहीत नसणं हे सगळ्यांच्याच वाट्याला होतं.

आणि ही भीती नेमकी कशाची होती हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथे 'ट्रान्सपोर्ट' हा शब्द लहान लहान मुलांनाही माहीत होता. नावाची चिठ्ठी यायची, फार तर एक-दोन दिवसात सामान बांधून पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं, गेलेलं माणूस परत यायचं नाही. खोलीतल्या एखाद्या मुलीचा बंक सकाळी रिकामा आणि थोड्या दिवसांनी तिथे नवी मुलगी. ऑगस्ट १९४३ मध्ये तर पोलंडमधल्या बियावीस्तोकच्या घेटोमधून, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतून, बाराशेच्या आसपास मुलं आणली गेली, त्यांचे आईवडील मारले गेलेले होते. गावातल्या लोकांना बाहेर पडायला, खिडकीतून बघायलासुद्धा मनाई होती. या मुलांना आंघोळीला नेलं तर ती किंचाळायला लागली, गॅस गॅस म्हणून, कारण आंघोळीच्या नावाखाली गॅसने मारतात हे त्यांच्या कानावर होतं, आणि तेरेझीनमधल्या बहुतेक मोठ्यांना कळेना ही मुलं असं का ओरडतायत. ऑक्टोबरमध्ये त्या मुलांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्या मोठ्या माणसांना ऑशविट्झला पाठवून मारण्यात आलं.

म्हणजे ही काल्पनिक भीती नव्हती. आज आपण काळजीने ग्रासलेल्या मुलाला हळूहळू दाखवून देतो की बाळा तुला वाटतंय तेवढं वाईट होणार नाहीये. तिथे हे म्हणण्याची सोयच नव्हती. मला वाटतं आपल्याकडच्या अनाथ मुलांबाबतही हे लक्षात ठेवायला हवं, ज्याची आई एका रात्रीत गेली त्या मुलाला 'काही होणार नाही' म्हणणाऱ्या माणसावर विश्वास का बसावा? त्याच्या अनुभवात ते होऊन गेलंय.

आता बाई. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस, जन्म व्हिएन्नात १८९८ चा. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, वडील स्टेशनरीच्या दुकानात नोकरीला, त्यामुळे कागद आणि रंग लहानपणापासून हाताशी. पुढे योहानेस इटेन या शिक्षकाकडे शिकली, १९१९ मध्ये त्याच्या मागोमाग जर्मनीत वायमारला बाउहाउस या कलाशाळेत गेली, मग व्हिएन्नात परत येऊन भागीदारीत स्टुडिओ चालवला, फर्निचर, घरांचं इंटिरियर, एका मॉन्टेसरी बालवाडीची सगळी आतली रचनासुद्धा. १९३४ मध्ये कम्युनिस्ट कामासाठी अटक झाली, सुटल्यावर प्रागला गेली, तिथे स्वतः मनोविश्लेषण घेतलं आणि जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवायला लागली. त्या वर्गात तिची एक तरुण विद्यार्थिनी मदतनीस होती, एडिथ क्रेमर, तिचा विषय पुढे येणारच आहे. डिसेंबर १९४२ मध्ये फ्रीडल बाई आणि त्यांचे पती पावेल यांना तेरेझीनला पाठवलं. माणशी पन्नास किलो सामान न्यायची परवानगी होती, आणि त्या मर्यादेत बाईंनी मुलांसाठी चित्रकलेचं सामान भरून नेलं.

नाझींनी मुलांना रीतसर शाळा शिकवायला बंदी घातली होती, गाणी, चित्रं, हस्तकला असले 'उद्योग' चालायचे. त्यामुळे खरा अभ्यास चोरून व्हायचा आणि चित्रकला उघडपणे. बाई त्याच एल ४१० मध्ये राहायच्या आणि तिथेच तास घ्यायच्या.

तास कसा चालायचा हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे हजर असलेल्या आणि पुढे वाचलेल्या मुलींनी सांगितलंय आणि बाईंनी स्वतः १९४३ मध्ये तिथल्या शिक्षकांसमोर मुलांच्या चित्रांवर भाषण दिलं होतं ते उपलब्ध आहे, त्यावरून बरंच कळतं. सुरुवातीला श्वासाचे आणि तालाचे व्यायाम, हे इटेनकडून आलेलं. बाई टेबलावर ठेका धरायच्या किंवा आवाजात चढउतार करायच्या आणि मुलींचा हात कागदावर त्या ठेक्याने फिरायचा, रेघ वर, रेघ खाली, गोल, साखळी, सर्पिल. चित्र काढायचंच नाही अजून, नुसता हात सैल करायचा. ज्यांनी घाबरलेल्या मुलांसोबत काम केलंय त्यांना माहीत असेल, अशी मुलं पेन्सिल इतकी दाबून धरतात की टोक मोडतं आणि कागद फाटतो, खांदे वर चढलेले असतात, रेघ एकदम कोपऱ्यात, बारीक. त्या हाताला 'तुझ्या मनातलं काढ' म्हटलं की तो आणखी आखडतो. ठेक्यावर मोठी मोठी वळणं काढायला लागलं की पाचदहा मिनिटात खांदे खाली येतात आणि श्वास लांबतो, हे आमच्या मुलांमध्ये मी परत परत बघितलंय, आणि याला कुठलंही महागडं सामान लागत नाही.

मग विषय. बाई कधी एखादी गोष्ट सांगायच्या, त्यात बऱ्याच वस्तू यायच्या, आणि मुलींनी त्यातल्या हव्या त्या निवडून काढायच्या. कधी समोर मांडलेली वस्तू बघून काढायची. कधी मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवून, व्हर्मीर वगैरे, त्यातला उजेड कुठे आहे अंधार कुठे आहे हे बघायला लावायचं आणि तेच चित्र आपल्या पद्धतीने कागदाचे तुकडे चिकटवून करायचं. कागदाची मारामार असल्यामुळे ऑफिसचे वापरलेले फॉर्म, पाठकोरे कागद, पुडक्यांचे कागद, जे मिळेल ते. आज ही कोलाज बघताना नजर तिथेच अडकते, कारण टेकडी किंवा घराचं छप्पर म्हणून फाडून चिकटवलेल्या तुकड्यावर छापील रेघा आणि रकाने तसेच्या तसे दिसतात. जो कागद माणसांचा हिशेब ठेवायला छापला होता त्याचं एका मुलीने टेकाड केलं.

यात निवडीला फार जागा होती हे बघा. मुलीला दिवसभरात कधी उठायचं, काय खायचं, कुठे झोपायचं, आई कुठे असेल, कशातच काही ठरवता येत नव्हतं, आणि या तासाला मात्र कुठला तुकडा कुठे लावायचा हे तिचं तीच ठरवणार. बेभरवशाच्या जगात राहणाऱ्या मुलांच्या काळजीवर सगळ्यात जास्त काय लागू पडत असेल तर ते हे, असं माझं मत आहे, छोटी का होईना पण खरी निवड, आणि ती केल्यावर समोर दिसणारा परिणाम.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. प्रत्येक चित्रावर मुलीने आपलं नाव घालायचं असा बाईंचा आग्रह असायचा. ट्रान्सपोर्टमध्ये प्रत्येक माणसाला नंबर दिलेला असायचा, इथे नाव. आपल्या संस्थांमध्ये बघा, दहा मुलांची चित्रं एकाच गठ्ठ्यात, मागे नाव नाही, तारीख नाही, दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत. हे बदलायला एक पेन्सिल आणि एक फाईल पुरते.

आणि तिसरी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. बाईंनी मुलींना छावणी काढा, भीती काढा, गेलेल्या माणसांना काढा असं सांगितलं नाही. चित्र काढलं की त्याचा अर्थ लावत बसल्या नाहीत. भाषणात त्यांचा सगळा भर यावर आहे की मोठ्यांनी मुलाला घाईने आपल्या वाटेवर ओढू नये, त्याच्या काढण्यातल्या ताकदीला मोकळं सोडावं, या तासांचा उद्देश सगळ्यांना चित्रकार करणं हा नाही. मुलीशी बोलणं व्हायचं ते चित्राबद्दल, रंग कुठे जड झाला, ही रेघ किती छान गेली, इथे अजून काय हवंय. म्हणजे मुलीकडे बिचारी म्हणून न बघता काम करणारं माणूस म्हणून बघणं. त्या चित्रांमध्ये मग काय आलं? घरं, फुलं, फुलपाखरं, सणाच्या जेवणाचं मांडलेलं टेबल, कुरण, खिडकी. आणि हो, काहींमध्ये बंक, जेवणाची रांग, शिपाई, फासावरचा माणूससुद्धा. ज्याला जे काढायचं होतं त्याने ते काढलं, सांगून नव्हे.

इथे एक उलट उदाहरणही प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच एल ४१० मध्ये हेल्गा वाइसोवा नावाची मुलगी होती, जी पुढे वाचली आणि चित्रकार झाली. तिने तेरेझीनला आल्यावर आधी बर्फाच्या बाहुल्याचं चित्र काढून पुरुषांच्या बराकीत वडिलांकडे गुपचूप पाठवलं, आणि वडिलांनी उलट निरोप दिला की तुला जे दिसतंय ते काढ. मग तिने रांगा, आजारी माणसं, सामानासकट येणारे लोक, सगळं काढलं, ती चित्रं काकांनी भिंतीत लपवली म्हणून राहिली. तेव्हा वास्तव काढणं वाईट असं मुळीच नाही. पण ते सांगणारा तिचा स्वतःचा बाप होता, ती मोठी होती आणि साक्ष ठेवायचं काम तिने मनापासून घेतलं. रविवारी दोन तासांसाठी आलेल्या अनोळखी ताई-दादांनी आठ वर्षांच्या पोराला 'तुझ्या आईचं चित्र काढ' म्हणणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ते पोरगं काढेलही, कारण संस्थेतली मुलं पाहुण्यांचं ऐकतात. मग ताई-दादा निघून जातात आणि रात्री त्याला झोप येत नाही तेव्हा तिथे फक्त मुलांना सांभाळणारी हाऊसमदर असते आणि तिच्याकडे अजून बरीच मुलं असतात.

परिणाम काय झाला? मोजमाप काहीच नाही, स्केल नाही, तुलनेसाठी दुसरा गट नाही, आणि बोलायला मागे राहिली ती फक्त वाचलेली माणसं. सप्टेंबर १९४४ च्या शेवटी पावेल यांना पाठवलं गेलं, बाईंनी आपणहून त्यानंतरच्या गाडीत नाव घातलं, ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या आणि ९ ऑक्टोबर १९४४ ला ऑशविट्झच्या बिर्केनाऊ छावणीत त्यांना मारण्यात आलं. पावेल जगले. जायच्या आधी बाईंनी दोन सुटकेसमध्ये मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं भरून ठेवली होती, ती एल ४१० मधल्या लोकांनी सांभाळली आणि १९४५ च्या उन्हाळ्यात त्या घराचे प्रमुख विली ग्रोग यांनी प्रागला आणून दिली. आता ती प्रागच्या ज्यू म्युझियमकडे आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं मारली गेली. चित्रकलेने कुणाचा जीव वाचवला नाही आणि तसा दावा कुणी करू नये.

पण ज्या वाचल्या त्यांनी काय सांगितलं ते लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. त्यातली एक एर्ना फुरमन, ती पुढे लहान मुलांची मनोविश्लेषक झाली, लंडनला लहान मुलांच्या मनोविश्लेषणातल्या मोठ्या तज्ज्ञ अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे शिकली, अमेरिकेत क्लीव्हलंडला काम केलं आणि आईवडील गेलेल्या मुलांच्या शोकावर १९७४ मध्ये तिचं पुस्तक आलं, या विषयात ते आजही महत्त्वाचं मानलं जातं. म्हणजे ज्या बाईने आयुष्यभर अनाथ मुलांच्या मनाचा अभ्यास केला ती फ्रीडल बाईंच्या तासाला बसलेली होती, आणि ते तास आपल्या सगळ्यात चांगल्या आठवणींपैकी आहेत असं तिने लिहून ठेवलंय. मी तरी या एका साक्षीला फार वजन देते.

एडिथ क्रेमर १९३८ मध्ये न्यूयॉर्कला निघून गेली होती म्हणून वाचली. १९५० पासून तिने विल्टविक नावाच्या मुलग्यांच्या निवासी शाळेत काम केलं, तिथली पोरं आठ ते बारा वर्षांची, मारामाऱ्या करणारी, घरात धड कुणी नसलेली. फ्रीडल बाईंकडून शिकलेलंच तिने तिथे वाढवलं आणि अमेरिकेत आर्ट थेरपी उभी करणाऱ्यांमध्ये ती गणली जाते. तिची एक कल्पना मला रोज उपयोगी पडते, थेरपिस्टचा 'तिसरा हात'. म्हणजे मुलाच्या चित्रात आपलं काही न घुसवता त्याला हवं ते जमावं म्हणून मदत करणारा हात. रंग फार पातळ होऊन ओघळतोय तर घट्ट कालवून दे, मातीच्या घोड्याचा पाय मोडतोय तर आत काडी घालायला दाखव, पेन्सिलला टोक करून दे. घाबरलेल्या मुलाचं चित्र मधेच बिघडलं की ते कागद चुरगाळून फेकतं आणि त्या दिवसाचं सगळं संपतं, तो क्षण यायच्या आधी तिसरा हात लागतो. त्यासाठी थेरपिस्टला स्वतःला रंग-माती नीट हाताळता यायला हवी, नुसती कौन्सेलिंगची पदवी पुरत नाही, हे मी स्पष्टच लिहिते.

युद्ध संपल्यावरचं थोडं. ऑगस्ट १९४५ मध्ये तेरेझीनमधून सुटलेली तीनशे अनाथ मुलं विमानाने इंग्लंडला विंडरमियरच्या तळ्याकाठी आणली गेली. ही फ्रीडल बाईंची मुलं नव्हेत, बरीचशी पोलंडची होती आणि अगदी शेवटच्या आठवड्यांत तेरेझीनला ढकललेली. पहिल्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर ठेवलेला पाव क्षणात गायब व्हायचा, मुलं तो लपवून ठेवायची, कितीही मिळेल म्हणून सांगितलं तरी. तिथे मारी पानेथ नावाच्या चित्रकार बाईंनी त्यांना रंग आणि कागद दिले. पावाचा जो नियम तोच रंगांचा असतो, हे मी आमच्याकडे बघते. नव्याने आलेलं मूल खडू खिशात घालतं. त्याला चोरी म्हणू नका, पुढच्या आठवड्यात परत खडू मिळणार यावर त्याचा विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो तुमच्या सांगण्याने नाही, खडू खरंच परत मिळाल्यावरच बसतो.

म्हणून मी संस्थेकडे काही गोष्टींचा आग्रह धरते. तास ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत आणि त्याच माणसाने घ्यायचा. वाढदिवसानिमित्त एकदाच येऊन चित्रकला स्पर्धा, बक्षीस, ग्रुप फोटो करणाऱ्यांना मी सांगते, तो खर्च वर्षभराच्या कागदाला द्या किंवा स्वतः वर्षभर या. स्पर्धा तर नकोच, आधीच काळजीत असलेल्या मुलाला पहिला-दुसरा नंबर कशाला? काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन, घराला दार नाही म्हणजे अमुक, असली उत्तरं इंटरनेटवरून काढून मुलाच्या फाईलमध्ये लिहू नका. कधीकधी काळा खडूच तेवढा शिल्लक असतो. मूल आपणहून काही सांगायला लागलं तर ऐकायचं, घाई करायची नाही, आणि अत्याचाराबद्दल काही निघालं तर ते संस्थेच्या समुपदेशकापर्यंत, बालकल्याण समितीपर्यंत आणि लैंगिक अत्याचार असेल तर पोलिसांपर्यंत कायद्याप्रमाणे गेलंच पाहिजे, तिथे थेरपीची गुप्तता आड येऊ द्यायची नाही. सतत झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, स्वतःला इजा करत असेल तर चित्रांवर भागवू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि चित्रं कुणाची हा प्रश्न. मुलाची. संस्था सोडताना त्याची फाईल त्याच्या हातात द्यायची, दत्तक गेलं तरी, घरी परत गेलं तरी, अठरा पूर्ण होऊन बाहेर पडलं तरी. प्रदर्शन करायचं तर त्याला विचारून, आणि चेहरा, नाव, संस्थेचा पत्ता कळेल असं काही सोशल मीडियावर टाकायचं नाही, बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करायला मनाईच आहे. इथे कुणी म्हणेल मग नावाचा आग्रह कसा, तर नाव मुलाच्या स्वतःच्या कागदावर त्याच्यासाठी असतं, आपल्या पोस्टसाठी नसतं. आमच्याकडे चित्राच्या मागच्या बाजूला मूल स्वतः नाव आणि तारीख घालतं, लिहिता येत नसेल तर आपली एक खूण ठरवतं, आणि फाईल त्याच्याच कप्प्यात राहते.